दोरीवरचे फोटो

"अवं माय, हे काय थोबाड हाय! जसं कोनी चिमटाच काढून राह्यलं."

ती बाई हे कुणाला उद्देशून बोलली नव्हती. दोन कडुनिंबांच्या मध्ये दोरी बांधली होती, दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लावले होते, आणि त्यातल्या एकाच्या ती इतकी जवळ गेली होती की तिच्या श्वासानं फोटो हलत होता. दोरीच्या पलीकडे अकीला पुढचा फोटो अडकवत होती. दोघींच्या मध्ये आता तेवढा कागदच काय तो होता. अकीलानं तो बोटानं बाजूला सारला.

"चिमटा नाई, बाई. सूर मारून राह्यली ते. पाहा न, दोन्ही पाय हवेत हायत."

"दिसून राह्यलं मले. माहीच पोरगी हाय."

"मंग घ्या न."

"हे? दात आवळलेले, जीभ बाहीर, अन् रिबन पाहा कुठी चालली! उद्या कोनी सोयरीक घेऊन आलं तं हे पाहून दारातूनच वापस जाईन."

बाईचं नाव गंगूबाई. मोर्शीच्या बाजारात भाजी आणि संत्री विकायची. आज टोपली जावेच्या हवाली करून पहाटेच्या एसटीनं अमरावतीला आली होती, पोरीचा खो-खो बघायला. पोरगी, प्रतीक्षा, मागे उभी होती. गुडघ्याला मैदानाची माती, हातात पाण्याची बाटली. आईचं बोलणं ती ऐकत नव्हती. ती फोटोकडे पाहत होती, आरशात बघावं तशी नव्हे, तर कुणीतरी ओळखीचं दिसल्यावर माणूस बघतं तशी.

"उभ्यानं काढून द्या एक," गंगूबाई म्हणाली. "साजरा. केस-बिस विचरून."

हे अकीलाला नवं नव्हतं. माणूस फोटोत हलता कामा नये, ही इकडची जुनी श्रद्धा. लग्न असो, बारसं असो की कबड्डीची फायनल, कॅमेरा दिसला की माणसं श्वास कोंडून उभी राहतात आणि फोटो निघाला की जिवंत होतात. शाळाशाळांच्या स्पर्धांना जाऊन ती खेळतानाचे फोटो काढायची, रात्रीतून लॅबमध्ये धुऊन घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी दोरीवर लावायची. पोरी दोरीपुढून हलत नसत. एकमेकींना ढोसत, खिदळत, "माहा पाय पाहय वं!" म्हणत. पण पैसे आयांच्या कमरेला, आणि आयांना हवी असायची उभी, साजरी पोरगी.

अकीलानं प्रतीक्षाला निंबाखाली उभं केलं, स्वतःच्या पर्समधली पावडर लावली, रिबन बांधून दिली. पोरगी रेशनकार्डावरच्या फोटोसारखी ताठ झाली. खटका दाबला.

"उद्या घेऊन जा," ती म्हणाली. गंगूबाईचं समाधान झालं.

तिकडे मंचावर टाळ्या वाजल्या आणि नियाजनं फोटो काढला.

नियाज म्हणजे अकीलाचा नवरा, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या नियाज फोटो स्टुडिओचा मालक. त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याचा पास होता, 'अधिकृत छायाचित्रकार'. असा पास एकालाच मिळे. बाकी कोणी कॅमेरा आणला तर मैदानाभोवतीच्या दोरीबाहेर. अकीला दोरीबाहेर. सकाळीच एक स्वयंसेवक तिला हटकून गेला होता.

"भाभी, दोरीच्या आत येऊ नका."

"आत कुठी हाय मी? दोरीच माह्या पोटाले टेकून राह्यली, तिलेच जरा माघं घ्या."

पासवाला नियाज मात्र खेळ टिपत नसे. तो पाहुणे टिपायचा. नारळ, शाल, गुच्छ, पुन्हा नारळ. मंचासमोर ठरल्या जागी त्याच्यासाठी एक वीट ठेवलेली असे. ती जागा अकीला सकाळीच येऊन नक्की करायची. विटेवर उभं राहिलं की मंच बरोबर चौकटीत बसे. फोकस तिनं आधीच लावून चिकटपट्टीनं घट्ट केलेला असे. मग नियाजनं एवढंच करायचं, टाळ्यांची सुरुवात ऐकायची आणि बटण दाबायचं.

चहावाले नत्थुजी किटली घेऊन आले की म्हणत, "काय चाचा, इटेवर तं उभे राह्यले. आता कमरेवर हात ठेवाचेच बाकी हायत."

"हात ठेवले तं फोटो कोन काढन, नत्थुजी?"

"भक्तच काढते न देवाचा," नत्थुजी म्हणत आणि चहाचा कप नियाजपुढे धरत नसत, सरळ त्याच्या तळहातात ठेवत. बोटं मिटली की मगच आपला हात काढून घेत.

सगळेच तसं करत. नियाजच्या मोहल्ल्यातला न्हावी त्याला आरसा दाखवत नसे. मशिदीच्या पायरीवर कुणी ना कुणी सहज म्हणून त्याचा दंड धरे आणि हवापाण्याच्या गप्पा करत करत त्याला खाली उतरवे. स्टुडिओत येणारी गिऱ्हाइकं नियाजशी बोलत आणि अकीलाकडे बघून हसत. दोन वर्षांपूर्वी एका निकाहात त्यानं नवरदेवाच्या जागी पंखा टिपला होता. त्या दिवसापासून अकीला 'मदतीला' म्हणून सगळीकडे जाऊ लागली. 'मोतीबिंदू' हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. नियाजच्या वडलांचा डोळा एका शिबिरात कापला होता आणि तो परत उघडलाच नाही. तेव्हा नियाज पोरगा होता, त्यांच्या उशाशी बसलेला. त्यामुळे कुणी बोलत नव्हतं आणि नियाजही विचारत नव्हता.

संध्याकाळी मात्र दोघांचा एक रिवाज होता. घरात ते आपली दखनी बोलत. अकीला दिवसाचे फोटो घेऊन बसायची.

"देखो, ये कैसा आया," ती म्हणायची.

"तू बता ना. तेरे मुँह से अच्छा लगता," तो म्हणायचा, जणू एवढीच अडचण.

त्या रात्री तिनं प्रतीक्षाचा फोटो सांगितला. पोरगी आडवी, जमिनीपासून हातभर वर. एक हात खांबाला, दुसरा पुढच्या पोरीच्या पाठीपासून बोटभर लांब. दातात जीभ. सुटलेली रिबन मागे सापासारखी. फक्कीच्या रेषेतून उडालेली पांढरी धूळ पोटाखाली, जशी ती ढगावर झोपली आहे.

नियाज डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "लगा क्या हात? पाठ को?"

"फोटो में नई लगा अभी."

यावर तो खूप हसला.

महिना-दीड महिना गेला. अकीला ऑटोतून अकोल्याच्या बसस्टँडवरून चालली होती, आणि तिनं वर पाहिलं तर प्रतीक्षा आभाळात होती.

फ्लेक्स दोन मजली इमारतीएवढा. पोरगी इतकी मोठी की पोटाखालच्या धुळीचा कण न् कण दिसत होता. डोक्यावर लाल अक्षरं: 'घ्या झेप! गरुडझेप क्लासेस. दहावी, बारावी, सीईटी.' अकीला ऑटो थांबवून उतरली. आधी तिला हसू आलं. मोठ्यानं, एकटीलाच. फलाटावरच्या बायका बघायला लागल्या. आपण दोरीला पोट टेकवून काढलेली वस्तू एवढी मोठी होऊ शकते, हे तिला ठाऊकच नव्हतं. ती फ्लेक्सच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

मग तिनं नाव शोधलं. क्लासच्या सरांचं होतं, फोटोसकट. शुभेच्छुकांची होती, गॉगल लावलेल्या चेहऱ्यांसकट. अगदी खाली कोपऱ्यात फ्लेक्स छापणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर होता. पोरीचं नाव नव्हतं, अन् अकीलाचंही नव्हतं.

तिच्या फोटोंच्या पाठीवर आजवर 'नियाज फोटो स्टुडिओ' असा शिक्का पडत आला होता, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. घरचाच शिक्का. पण हा फोटो एवढा मोठा झाल्यावर त्याच्या कोपऱ्यात एक रिकामी जागा दिसत होती. बरोबर 'अकीला' मावेल एवढी. घरी जाईपर्यंत ती जागा तिच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

दोनच दिवसांनी स्टुडिओच्या दारात गंगूबाई उभी राहिली. मागे प्रतीक्षा. गंगूबाईच्या हातात निंबाखालचा साजरा फोटो होता. पाठीवरच्या शिक्क्यावरून पत्ता काढत ती मोर्शीहून इथवर आली होती.

"तुमी इकली माही पोरगी!"

"बसा पयले," अकीला म्हणाली.

"बसाले नाई आली मी. स्टँडवर टांगली न तिले! मोर्शीच्या! जीभ बाहीर काढलेली! मांगं माह्या जावेच्या घरी ते झालं, तवा मुंबईचा एक आला होता कॅमेरा घेऊन. जाऊ उंबऱ्यात बसून रडून राह्यली, अन् यानं खटखट काढले. नाव नाई इचारलं, काई नाई. पेपरात आला फोटो. आजून ते पेपर दिसला का आत जाते. तवाच म्हनलं होतं मी, पुन्हा आपल्या घरातल्याचा फोटो न इचारता कोनी…"

त्या वर्षांत वऱ्हाडात शेतकरी जीव देत होते, म्हणून कॅमेरे पुष्कळ येत होते, आणि सगळ्यांना एकाच तऱ्हेचा चेहरा हवा असायचा. अकीलानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बाई, मी नाई इकली तिले. कोनीतरी दोरीवरून एक फोटो नेला, अन् त्याचं हे केलं. तुमाले नाई इचारलं, तसं मलेबी नाई इचारलं."

"म्हंजे चोरलाच न?"

"चोरलाच."

गंगूबाई बसली. चहा आला. दोन घोट पोटात गेल्यावर तिचा सूर जरा उतरला, आणि मग उतरत उतरत भलतीकडेच गेला.

"तसं बाजारात लय झालं म्हना. भाजी घ्याले येतात ते बाया इचारतात, काय वं गंगू, तुही पोरगी डाक्टर होऊन राह्यली का? एकीनं तं वांगेबी जास्तीचे घेतले."

"अन् मले पोरं इचारतात, क्लासची फी किती हाय," प्रतीक्षा म्हणाली. "मी त्या क्लासात नाईच. माहे गणितात पस्तीस हायत."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर नियाज लेन्स पुसत बसला होता. तो मघापासून तीच एक लेन्स पुसत होता. आता ती त्यानं खाली ठेवली.

"चला," तो म्हणाला. "शिक्का माह्या नावाचा हाय. मी येतो."

चौघं निघाली. मोर्णा नदीच्या पुलावर गर्दी होती. नियाजनं अकीलाच्या खांद्यावर हात ठेवला, जणू तोच तिला रस्ता ओलांडून देत होता. अकीलानं मान अशी धरली होती, जणू तसंच आहे.

गरुडझेप क्लासेस एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात होते. कापूस गेला होता आणि त्या जागी बाकं आली होती. सहदेव सर स्वतः शेतकऱ्याचा पोरगा. दोन भाऊ वावरात राबत आणि ते इकडे शिकवत. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. त्यांनी सगळ्यांना बसवलं, पंखा लावला, आणि प्रतीक्षाला बघताच टाळी वाजवली.

"अरे! हेच का ते? बापा! दोन बॅचा भरल्या इच्यामुळं. पोरं येऊन इचारतात, ते पोरगी कुठं बसते सर?"

"मोर्शीले बसते," गंगूबाई म्हणाली. "कोनाले इचारून लावली तुमी?"

"मावशी, मी फोटो विकत घेतला. अमरावतीले, दोरीवरून. नगद पैसे देऊन. चोरला थोडीच?"

"हो का?" गंगूबाईनं पदर खोचला. "मंग माह्या टोपलीतून तुमी डझनभर संत्री नेली म्हनून काय झाड तुमच्या आंगनात आलं?"

प्रतीक्षा फिस्सकन हसली. सरांनाही हसू आलं, ते त्यांनी रुमालात लपवलं.

"बरोबर हाय मावशी, चुकलं माहं. पोरीचं नाव टाकतो. मोठ्या अक्षरात. 'विभागीय खो-खोपटू कुमारी प्रतीक्षा.' चालते?"

गंगूबाईनं पोरीकडे पाहिलं. पोरीनं मान खाली घातली, पण कान लाल झाले. "चालते," गंगूबाई म्हणाली. "पन तुमच्या क्लासची हाय असं नका लिहू."

"नाई लिहीत. अन् फोटोखाली फोटोग्राफरचंबी नाव टाकतो. पुढच्या हप्त्यात नवे फ्लेक्स लागून राह्यले. नियाजभाई, तुमचं नाव कसं टाकू? नुसतं नियाज, का स्टुडिओसकट?"

पंखा फिरत होता. अकीलानं हातातली पर्स एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली.

"तो फोटो यायनं नाई काढला," गंगूबाई म्हणाली. "भाभीनं काढला. म्या पाह्यलं न, दोरीपाशी त्याच होत्या."

"असं कसं मावशी?" सर म्हणाले. "मीबी तिथंच होतो. दोरीच्या आत जायचा पास नियाजभाईच्या गळ्यात, फोटोवर शिक्का नियाजभाईचा. उद्या कोनी इचारलं, अधिकृत कोन, तं मी काय दाखवू? अन् भाभीनं काढला तं मंग नियाजभाई तिथं काय करून राह्यले होते?"

प्रश्न सरांनी सहज विचारला होता. ते अकोल्यात नवीनच होते, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण गंगूबाईनं तेवढ्यात नियाजकडे पाहिलं. सरांनी बोलता बोलता टेबलावरचा फोटो त्याच्यासमोर सरकवला होता, आणि तो मान ताठ ठेवून दाराकडे बघत होता. गंगूबाई रोज बाजारात बसणारी बाई. तिनं तोंड मिटलं आणि पंखा बघायला लागली. प्रतीक्षा आपल्या चपला बघायला लागली.

अकीलाच्या डोळ्यांपुढे बसस्टँडवरच्या फ्लेक्सचा तो कोपरा आला. रिकामा. मग तिनं आपल्या माणसाच्या ताठ मानेकडे पाहिलं. कॉलरच्या आत पावडर दिसत होती. न्हाव्यानं लावलेली, नीट न पसरलेली.

"यायचाच हाय, सर," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच होता. "यायनंच काढला. मी नुसती पेट्या धरते. स्टुडिओसकट टाका."

"हे झालं न! मिटलं मंग." सरांनी पेन उघडलं. "नियाजभाई, तुमी एकदा तोंडानं हो म्हना, का झालं."

नियाजनं खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला. मग त्याचा हात टेबलावर आला, हळूहळू पुढे सरकला, फोटोच्या कडेला लागला. कडेवरून त्यानं अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत.

"हे पोरगी आडवी हाय," तो म्हणाला. "जमिनीपासून हातभर वर. एक हात खांबाले. दातात जीभ. फक्की उडाली हाय पोटाखाली, ढगासारखी. अन् मांगं रिबन सुटली. बरोबर?"

"एकदम!" सर खूश झाले. "म्हंजे तुमीच न!"

"नाई, सर."

अकीलानं त्याच्या बाहीला हात लावला. "अजी, रहने दो."

त्यानं तिचा हात तसाच बाहीवर राहू दिला.

"मी तवा इटेवर उभा होतो, मंचापुढं. टाळ्या आयकल्या का बटन दाबतो मी. दोन वर्सं झाले, मले दिसत नाई." इतकं बोलून तो थांबला, जणू छत कोसळतं का बघत होता. पंखा फिरतच राहिला. मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि तो हसला, त्या रात्री हसला होता तसाच.

"फोटो अकीलाचा हाय. मी आजून पाह्यलाच नाई तो. डोळे कापून घेतो म्हनतो आता, सर. पाह्याचा हाय मले."